अर्धा बिल्ला

माझी अख्खी नोकरी लोकांच्या थुंकीत, लघवीत आणि शौचात गेली. सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. सकाळी डब्या यायच्या, झाकणं उघडायची, काडीनं काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि भिंगाखाली बघायचं. ओळखीतल्या बायका विचारायच्या, तुम्हाला जेवण कसं जातं हो? मी म्हणायचे, हात धुतल्यावर जातं. खरंच जायचं. क्षयाच्या रोग्याचा बेडका हा बिचारा बेडका असतो, त्यात खोटं काही नसतं. मला शिसारी आली ती कायम धुतल्या-पुसल्या माणसांची. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी एका रिसॉर्टच्या फुलझाडांत भडभडून ओकले हे वाचून कुणी मला नाजूक समजू नये.

आमचं घर माले गावात, पौड ओलांडून मुळशीकडे निघालं की रस्त्यापासून जरा आत. मी पुण्यात राहते आणि पंधरवड्याला गावाकडे फेरी मारते. घरात माझे वडील असतात, त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्यासोबत माझा भाचा, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. भाऊ आणि वहिनी दोघंही आता नाहीत. दादांना मागे अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आहे आणि बोलणं जड झालंय. भाचा त्यांना अंघोळ घालतो, दाढी करतो, भात कालवून भरवतो. हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. पोरगं मनानं वाईट नाही. बिनडोक आहे, पण वाईट नाही.

घरात भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आहे. तिच्या खाली एक खिळा आणि खिळ्याला काळ्या दोऱ्यात अडकवलेला एक पत्रा. जस्ताचा, करडा, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्यावर ठोकून काढलेली अक्षरं आहेत: एका जर्मन छावणीचं नाव आणि एक आकडा. वरची कड सरळ, खालची वेडीवाकडी आणि खरखरीत, कारण तो मुळात अर्धाच आहे. जर्मन लोक प्रत्येक युद्धकैद्याच्या गळ्यात असा बिल्ला घालत. त्याच्या मधोमध चिरांची एक ओळ असे आणि वरती-खालती तोच मजकूर दोनदा. कैदी मेला की बिल्ला त्या चिरांवर मोडायचा, एक तुकडा प्रेतापाशी ठेवायचा आणि दुसरा कचेरीत जमा करायचा. जिवंत माणसाचा बिल्ला अख्खा, मेलेल्याचा अर्धा. व्यवस्थेत ती माणसं पक्की होती.

आमच्या घरातला बिल्ला माझ्या आजोबांचा नाही. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा इंग्रजांच्या पलटणीत होते, वाळवंटात पकडले गेले आणि हातापायानं धड असल्यामुळे एका छावणीतून दुसऱ्या छावणीत ढकलले जात शेवटी जर्मनीत पोचले. बिल्ला होता त्यांच्याबरोबरच्या एका कैद्याचा. तो ज्यू होता. आबांना हा शब्द उशिरा कळला. ते म्हणायचे, "आपल्याकडं घाटाखाली शनवार तेली असत्यात न्हवं का? शनवारी घाणा बंद ठेवणारे? त्यातला त्यो. पर गोरा."

तो जन्मानं जर्मनीतलाच. तिथं ज्यूंचं जगणं मुश्किल झालं तेव्हा जीव घेऊन पळाला, निर्वासित म्हणून दुसरीकडे गेला आणि तिथून इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. नशीब असं की लढाईत सापडला तो पुन्हा त्याच लोकांच्या हातात. अंगावर इंग्रजांची वर्दी होती म्हणून ज्यू असूनही त्याला मारत नव्हते, फक्त वेगळं ठेवत. पण हा आपल्याच देशातून पळालेला आहे हे कळलं असतं, तर गद्दार म्हणून भिंतीशी उभा केला असता. म्हणून पकडला गेल्या दिवशीच त्यानं नाव आणि जन्मगाव दोन्ही खोटी सांगितली. खरं नाव छावणीत फक्त आबांना ठाऊक होतं.

आबांनाच का, ते सांगते. पाच-सात कैद्यांत मिळून एक पाव मिळायचा. नियम असा की रोज एकानं पाव कापायचा आणि कापणाऱ्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा. मग हात आपोआप सरळ चालतो, कारण लहान तुकडा कापला तर तोच आपल्या वाट्याला येतो. आबांची पाळी आली त्या दिवशी आपल्याच मुलखातली माणसं म्हणाली, आज भूक नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा भूक नाही. सालपटं उकडून खाणारी माणसं ती! बरगड्या मोजता येत होत्या, पण महाराच्या हातानं कापलेला पाव गळ्याखाली उतरत नव्हता. तारेच्या कुंपणात त्यांची बंदूक गेली, बूट गेले, घड्याळं गेली, जात मात्र सोबत राहिली. पुढे आबांची पाळीच बंद करून टाकली. त्यांचा तुकडा लांबून त्यांच्याकडे टाकत.

मी शाळेत असताना आबांनी हे सांगितलं आणि मला त्या पावाची नाही, त्या माणसांची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

संडास उपसायच्या कामावर आबा असत. तिथंच त्या ज्यू माणसालाही लावलेलं असे. एके दिवशी तो आपला पाव घेऊन आबांकडे आला आणि खुणेनं म्हणाला, काप. आबांनी कापला. त्यानं एक तुकडा उचलला, आबांसमोर बसून चावून चावून खाल्ला आणि मग आबांच्या हातात दुसरा तुकडा ठेवला. त्यानंतर दोघं बरोबरच जेवत. त्यानं दुधाच्या पत्र्याच्या डब्याचा एक मग बनवला होता, कान दुमडून बसवलेला. दोघं त्यातूनच पाणी प्यायचे.

शेवटच्या हिवाळ्यात छावणी रिकामी करून सगळ्यांना बर्फातून पायी चालवत नेलं. किती दिवस, ते आबांना सांगता येत नसे. तो माणूस एका गुरांच्या गोठ्यात पडला आणि सकाळी उठला नाही. आदल्या दिवशी त्यानं आबांना सांगून ठेवलं होतं, मेलो तर तूच मोड. आबांनी मोडला. तेवढी गोष्ट आबा हळू आवाजात सांगायचे. "बोटं बधिर. पत्रा हिकडं वाकीव, तिकडं वाकीव, मोडंना. आन् मोडता मोडता गरम झाला बग त्यो. त्या अख्ख्या हिवाळ्यात माज्या हाताला तेवढंच ऊन लागलं." एक तुकडा त्यांनी त्याच्या सदऱ्यात सरकवला, दुसरा आणि तो मग घेऊन ते चालू लागले.

सुटका झाल्यावर त्यांनी पलटणीत सगळं सांगितलं. साहेबानं वहीत त्या माणसाचं खोटं नाव लिहून घेतलं. खरं वेगळं आहे असं आबा सांगत राहिले, पण ते ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं. म्हणून आबांनी तुकडा दिलाच नाही. "खोट्या नावाला खरा तुकडा कशापायी द्यायचा?" म्हणायचे.

आबा गावी परतले तेव्हा आजीनं तो पत्रा पाहिला. आबा म्हणाले, मेलेल्या माणसाचा आहे, जपून ठेव. आता आमच्या आजीच्या लेखी मेलेल्या माणसाचा पत्रा म्हणजे टाक. देव्हाऱ्यात देवांचे आणि पूर्वजांचे ठोकून केलेले छोटे पत्रे असतात तसा. त्यावरची इंग्रजी-जर्मन अक्षरं तिला देवाच्या नक्षीपेक्षा वेगळी वाटायचं कारण नव्हतं. तिनं बिल्ला देव्हाऱ्यात मांडला, त्याला हळदकुंकू लावलं, अमावास्येला नैवेद्य दाखवला. मूळचा जर्मनीतला तो ज्यू कैदी अशा रीतीनं काही वर्षं आमच्या खंडोबाच्या शेजारी बसून तांदळाची खीर खात होता. आबा ते चालू द्यायचे. उपाशी गेलेला माणूस आहे, खाऊ दे, असं त्यांना वाटत असणार.

मग वस्तीनं धम्मदीक्षा घेतली. घराघरांतले देव टोपलीत घालून मुळेच्या पात्रात सोडायचे ठरले. आमच्या घरी मंडळी आली, टोपलीत एकेक टाक पडू लागला. दादा तेव्हा लहान होते, टोपली त्यांच्याच हातात होती. बिल्ला टोपलीत पडला तसे आबा उठले आणि हात घालून तो बाहेर काढला. मंडळींतला एकजण चिडला. म्हणाला, एक देव ठेवला तर सगळं व्यर्थ. आबा म्हणाले, "ह्यो देव न्हाई. माणूस हाय." त्यांनी लुगड्याच्या चिंधीनं हळदकुंकू पुसलं आणि बिल्ला खिळ्याला अडकवला. तो तिथंच राहिला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मेणबत्ती लावून त्रिशरण, पंचशील म्हटलं की आबा बिल्ला हातात घेऊन त्याचं खरं नाव एकदा उच्चारायचे. आबांनंतर दादा उच्चारू लागले. डोळे मिटून, अंगठा त्या मोडक्या कडेवरून फिरवत. बाकी काही नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आबांच्या मावळी जिभेवरून ते जसं उतरलं तसंच आम्ही घेतो, मूळचं कसं होतं कोण जाणे. शिवाय आता जे झालंय त्यानंतर मी ते कागदावर टाकायला धजत नाही. कुणी त्याचा टी-शर्ट छापायचा.

तर त्या शनिवारी मी गेले तेव्हा खिळा रिकामा होता. आबांनी छावणीतून आणलेला तो पत्र्याचा मगही फळीवर नव्हता. दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"दादा, बिल्ला कुठाय?"

त्यांनी डाव्या हातानं दाराकडे बोट केलं. "न्येला."

"कुणी?"

"तुज्या भाच्यानं."

"कधी? आणि संध्याकाळी नाव कसं घेता मग?"

दादांनी रिकामा डावा हात पुढे केला. "हातात न्हाई," ते म्हणाले, "तर कुणाचं घिऊ?"

झटका आल्यापासून दादांचे शब्द निसटतात. मिठाला साखर म्हणतात, मला कधी कधी त्यांच्या आईच्या नावानं हाक मारतात. ते एक नाव मात्र बिल्ला हातात दिला की बिनचूक यायचं. ते बंद झालं होतं आणि दादांचं जेवणही अर्ध्यावर आलं होतं. ताटातला भात सुकून गेलेला. शेजारीण म्हणाली, म्हातारं दिवसभर खिळ्याकडंच बघतंय. मी लॅबमधली बाई, मला कागदावर आकडे असल्याशिवाय काही पटत नाही. पण हा माणूस त्या तुकड्यावाचून हळूहळू विझतोय हे मला दिसत होतं.

भाचा धरणाच्या पाण्याकाठच्या एका रिसॉर्टवर मॅनेजरच्या हाताखाली काम करतो. फोन लावला.

"आत्या, सरप्राइज होतं गं!" तो म्हणाला. "आमच्या सरांनी नवीन थीम केलीये. वॉर कॅम्प. मी आबांची स्टोरी सांगितली तर सर वेडेच झाले. फ्रेम केलाय बिल्ला. तू ये ना, बघ तरी. आबांचं नाव किती मोठं केलंय."

मी रिक्षा केली आणि गेले.

दारात बांबूचा टेहळणीचा मनोरा होता. त्याच्यावर सेल्फी काढायला रांग. काटेरी तार होती, पण रबराची, पाहुण्यांना ओरखडा उठू नये म्हणून. तारेवर दिव्यांच्या माळा. खाकी टोपी घातलेली एक पोरगी हसत पुढे आली, "वेलकम टू द कॅम्प, मॅम!" म्हणाली आणि माझ्या गळ्यात काहीतरी घातलं. मी खाली पाहिलं. सोनेरी मुलाम्याचा बिल्ला. अख्खा, गुळगुळीत. त्यावर छावणीचं तेच नाव आणि तोच आकडा. जो आकडा मी लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ केला होता, तो.

हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीची सहल आली होती. हिरवळीवर मोठा घोळका, आणि प्रत्येकाच्या गळ्यात तोच आकडा लटकत होता. स्पीकरवर ढिंगच्याक लागलेलं. माइकवाला ओरडत होता, "आता रेशन रेस! दोन टीम, एक ब्रेड!" एकाच्या हातात सुरी दिली. तो पावाचे तुकडे करणार, बाकीच्यांनी झडप घालून पळवायचे आणि कापणाऱ्याला काहीच उरलं नाही की सगळ्यांनी त्याच्याभोवती नाचत "कटर लूजर! कटर लूजर!" ओरडायचं. पाव पायाखाली तुडवला जात होता. एका पोरीनं तुकडा तोंडात धरून फोटो काढला आणि मग थुंकून टाकला.

हा नियम त्यांना कुणी सांगितला असेल, हे मला तिथंच उमगलं. आमच्या घरातून गेला होता तो. ओकायला मी शेवंतीच्या वाफ्यापर्यंत पोचले एवढंच. टोपीवाली पोरगी पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "मॅम, घाटात गाडी लागली का?" मी म्हटलं, "हो बाई, गाडीच लागली."

मालक आपल्या केबिनमध्ये भेटले. पांढरा कडक शर्ट, मनगटात रुद्राक्ष, बोलणं लोण्यासारखं. खुर्ची दिली, लिंबू सरबत मागवलं. त्यांच्या मेजावर तो मग होता. दुधाच्या डब्याचा, कान दुमडलेला, बर्फातून चालत आलेला. त्यात टूथपिक भरल्या होत्या.

"मॅडम, तुमच्या ग्रँडफादरची स्टोरी म्हणजे गोल्ड आहे," ते म्हणाले. "जर्मन आयटमला काय क्रेझ आहे तुम्हाला कल्पना नाही. आणि खरं सांगू का, तो मिशीवाला कसाही असो, शिस्त मानली पाहिजे हो त्याची. बघा ना, प्रत्येक माणसाला नंबर!"

तोंडात अजून आंबट चव होती.

भिंतीवर फलक होता. मुळशीच्या शूर सुपुत्रानं जर्मन कैदेत आपल्या गोऱ्या मित्राला दिलेल्या वचनाची गाथा, असं काहीतरी. गोरा मित्र कोण होता त्याचा पत्ता नाही. पाव कुणी नाकारला त्याचाही नाही. मी विचारलं, "हा माणूस ज्यू होता, ते कुठाय?"

"ते मुद्दाम नाही घातलं. उगाच पॉलिटिक्स होतं."

"आणि माझ्या आजोबांच्या हातचा पाव आपल्याच माणसांनी का नाकारला, ते?"

मालकांनी चेहरा दुखल्यासारखा केला. "मॅडम, लोक वीकेंडला मजा करायला येतात. त्यात जात कशाला? आम्ही इथे असलं काही मानतच नाही." आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच त्यांच्या हिरवळीवर काहीतरी घाण करून आले होते. म्हणजे शेवंतीच्या वाफ्यात मी केली होतीच, पण त्याबद्दल ते बोलत नव्हते.

मग त्यांनी फ्रेम काढून माझ्या हातात दिली. काळ्या मखमलीवर बिल्ला ठेवला होता. करडा नव्हे, चकचकीत. आणि अख्खा.

"हा आमचा नाही," मी म्हणाले.

"तुमचाच आहे की!" ते खूश झाले. "तुटका होता ना? फ्रेममध्ये तुटकं बरं दिसेना. आमच्या माणसानं कड घासून सरळ केली, खालचा भाग नवा बनवला, सेम टु सेम अक्षरं ठोकली आणि सोल्डरिंगनं झाळून बसवला. जोड दिसतोय का सांगा? आमच्याकडून गिफ्ट समजा."

मी नखानं जोड शोधला. दिसत नव्हता, हाताला लागत होता. आबांनी बधिर बोटांनी मोडलेली ती खरखरीत कड कुणीतरी कानशीनं घासून तिची पूड जमिनीवर सांडली होती आणि ती पूड झाडून टाकली होती. तो माणूस गोठ्यात मेला याची जगात एवढीच एक खूण होती. ती आता उरली नव्हती. किळस हा शब्द मी आयुष्यभर स्वस्तात वापरला असं मला वाटलं.

"मला हा परत हवाय," मी म्हटलं. मला भांडण अपेक्षित होतं. मी त्याला तयार होते, चपलेपर्यंत तयार होते.

"अवश्य घेऊन जा!" ते हसून म्हणाले. "आमच्याकडे साचा झालाय आता. ओरिजिनलची तशी गरज नाही."

भांडायलाही काही ठेवलं नाही त्या माणसानं. मी टूथपिक मेजावर ओतल्या, फ्रेममधून काढलेला बिल्ला आणि तो मग पिशवीत टाकले आणि बाहेर आले. गळ्यातला सोनेरी बिल्ला त्यांच्या सरबताच्या ग्लासात सोडून आले. परवाच पौडच्या स्टँडवर एका पोराच्या मोटरसायकलच्या किल्लीला तसाच एक लटकताना पाहिला. तोच आकडा. तो पोरगा त्यानं कान कोरत होता.

भाच्यानं मला गाडीवरून घरी आणलं. वाटेत मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गावात शिरताना त्यानं गाडी हळू केली आणि म्हणाला, "आत्या, शाळेत, कॉलेजात, तिथं कामावर, कुणी कधी विचारलं नव्हतं गं, तुझा पणजा कोण होता म्हणून. सरांनी विचारलं. मला वाटलं, चांगलं दिसंल."

मला त्याची कीव आली आणि कीव आली याचा रागही आला. माझ्या रागाचं हे असंच असतं, धड वाटेला लागत नाही.

दादा जागेच होते. दिवेलागणीची वेळ झाली होती. मी मेणबत्ती लावली आणि तिघांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. मग बिल्ला त्यांच्या डाव्या हातात दिला. डोळे मिटलेले. अंगठा वरच्या भोकांवरून खाली आला, अक्षरांवरून आला, जिथं कड यायची तिथं थांबला. कड आली नाही. अंगठा पुढे गेला, पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा तोच आकडा, आणि खाली सरळ, गुळगुळीत टोक. दादांनी डोळे उघडले.

"ह्यो कोन?" ते म्हणाले. "ह्यो तर जिता हाय."

मी सांगायला लागले, रिसॉर्टवर काय केलं ते. त्यांनी हातानं मला थांबवलं. बिल्ला पुढे केला.

"मोड."

मी हात पुढे केला तशी त्यांनी मान हलवली. "तू न्हाई. त्यो."

भाचा घाबरला. "आजा, खराब होईल ना."

"मोड म्हनतुया न्हवं!" झटका आल्यापासून दादांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

भाच्यानं बिल्ला दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि वाकवला. पुन्हा उलटा वाकवला. जोड चिवट होता, कारागीर पैशाला जागला होता. इकडे वाकव, तिकडे वाकव. भाच्याच्या कपाळावर घाम आला. आबांनी मला सांगितलेली गोठ्यातली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पावाची गोष्ट दादांनी त्याला पुष्कळदा सांगितली होती, ही कधीच नाही, कारण ही सांगताना दादांना रडू यायचं. तो खाली मान घालून वाकवत राहिला. मग एकदम थांबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आत्या," तो म्हणाला, "ह्ये गरम लागतंय गं."

दादा खाटेवर हुंदके देऊ लागले. मी भाच्याला म्हटलं, थांबू नकोस.

कट् असा आवाज झाला आणि बिल्ला मोडला. जोडाच्या जागी पुन्हा दातऱ्या निघाल्या. आबांच्या हातच्या नव्हेत, पण खरखरीत. दादांनी वरचा तुकडा घेतला, अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा, आणि ते नाव घेतलं. एकही अक्षर न चुकता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि भात गरम करायला उठले.

भाचा खालचा, नवा तुकडा हातात धरून तसाच उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "आजा," त्यानं विचारलं, "ह्याचं काय करू? टाकून देऊ?"

दादांनी बराच वेळ शब्द शोधले. ते या वेळी चुकले नाहीत.

"दुसरा तुकडा मेलेल्यापाशी ठेवत्यात," ते म्हणाले. "तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

भाच्यानं मूठ मिटली. तुकडा अजून गरम होता का, हे मी त्याला विचारलं नाही.